पंढरपूर राहायला कसं? सोलापूरकरांसाठी रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन. पेन्शनवर असलेल्या नवरा-बायकोला चार, घरून काम करणाऱ्याला साडेतीन, आणि रोज सोलापूरला ड्यूटीवर यायचं असेल तर दीड. दर्शनाला जाऊन आलेलं पंढरपूर प्रत्येकाला माहीत असतं. इथे हिशोब आहे तो भाड्याने किंवा विकत घर घेऊन बारा महिने राहण्याचा.

सोलापुरात तळी आहेत, नदी नाही. सीना शहराला बगल देऊन जाते. त्यामुळे भाडं कमी, गाव लहान आणि चालत जाण्याच्या अंतरावर नदी असं काही जवळपास शोधायला बसलं की बोट पंढरपूरवरच येऊन थांबतं. मोहोळमार्गे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९८,९२३, म्हणजे सोलापूरच्या साधारण दहावा हिस्सा. बाजार, कोर्ट, कॉलेज, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन सगळं रिक्षाच्या एका फेरीत. इथवर सगळं छान.

आता नदी. भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, पण पात्रात पाणी कधी दिसणार हे बरंचसं वरचं उजनी धरण ठरवतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर ती गढूळ आणि भरलेली असते, आणि याच महिन्यांत पुराची धास्तीही असते. कार्तिकीनंतर पौषापर्यंतचा काळ सगळ्यात देखणा. पाणी निवळलेलं, हवा गार, आणि मार्गशीर्षात गोपाळपूरजवळच्या विष्णुपदाला होडीने जाऊन वनभोजन करायची गावाची जुनी रीत. फाल्गुन संपला की चित्र पालटतं. पात्रात डबकी उरतात, त्यांत शेवाळ आणि जलपर्णी, घाटावर वास. नदी स्वच्छ करण्याच्या ‘नमामि चंद्रभागा’ योजनेची घोषणा २०१६ साली झाली, तरी वैशाखात पहाटे घाटावर फिरायला जाण्याचा बेत कुणी केला असेल तर तो यमाई तलावाकडे वळवावा. तिथे चालायला जागाही बरी आहे आणि तुळशी वृंदावनही शेजारीच.

उन्हाळ्यात मध्येच नदी अचानक वाहताना दिसली तर पाऊस झाला असं समजू नका. सोलापूरच्या पिण्यासाठी उजनीतून आवर्तन सुटतं, ते नदीतूनच खाली औज-चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत जातं. सोलापूरच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा एक हिस्सा असा पंढरपूरच्या घाटाला घासून आलेला असतो. आठ-दहा दिवस नदी नदीसारखी दिसते, मग पुन्हा वाळू. त्यामुळे घर बघायला कार्तिकात गेलात तर मे महिन्यात परत एकदा जा. एजंट तुम्हाला मे महिन्यात नदीकडची खिडकी उघडून दाखवणार नाही.

पुराचा विषय नीट समजून घ्यायला हवा, कारण घर कोणत्या बाजूला घ्यायचं ते यावरच ठरतं. बातम्यांत ‘उजनीतून इतके हजार क्युसेक’ एवढंच ऐकून निर्धास्त होऊ नका किंवा घाबरूही नका. नीरा नदी नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. ही जागा उजनीच्या खाली आणि पंढरपूरच्या वर आहे. म्हणजे पंढरपुरात येणारं पाणी हे उजनीचा विसर्ग अधिक नीरेवरच्या वीर धरणाचा विसर्ग, अधिक मधल्या ओढ्यांचं. उजनीतून साठ हजार आणि वीरमधून चाळीस हजार असेल तर संगमाखाली लाखाची गोष्ट असते, आणि लाखाच्या पुढे गेलं की गावातल्या सखल वस्त्यांना स्थलांतराच्या सूचना सुरू होतात. पुण्याकडच्या घाटमाथ्यावर एकाच वेळी पाऊस झाला की दोन्ही धरणं एकदमच सोडावी लागतात, गोची तिथे आहे. पाणी चढण्याचा क्रम ठरलेला: आधी वाळवंटातली पुंडलिकाच्या बाजूची देवळं, मग जुना दगडी पूल, मग व्यासनारायणची वस्ती आणि नदीलगतचे खालचे बोळ. ऑक्टोबर २०२० मध्ये हा क्रम सगळ्या जिल्ह्याने पाहिला. उजनी त्या वेळी आधीच काठोकाठ होती. नवरात्राच्या तोंडावर परतीचा पाऊस झाला की धरणात जागाच नसते, म्हणून आश्विनातला पूर श्रावणातल्यापेक्षा वाईट.

घर बघताना हे भिंतीत दिसतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. पुढच्या खोलीला नवा रंग असतोच. जिन्याखाली जा, कपाट सरकवा, संडासाच्या मागची भिंत बघा. एका उंचीवर तपकिरी आडवी रेघ, तिच्याखाली गिलावा पोपडे धरून सुटलेला आणि पांढरा लोणा आलेला असेल तर पाणी तिथवर उभं राहिलं होतं. कमरेपर्यंतच ऑईलपेंट आणि वर साधा डिस्टेंपर, हीही तीच खूण. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे वीज मीटर आणि स्विचबोर्ड. सगळे बोर्ड डोक्याच्या उंचीला आणि खालचे प्लग पॉइंट बुजवलेले असतील तर मालकाने अनुभवातून शहाणपण घेतलेलं आहे. तुम्ही त्याला पुराबद्दल विचारायचीही गरज नाही.

विकत घेणार असाल तर पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय इसार देऊ नका. पाटबंधारे खातं दोन रेषा आखतं: निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे नवं बांधकाम मिळत नाही. निळी ते लाल नियंत्रित पट्टा, तिथे अटी घालून परवानगी मिळते आणि जोतं पूरपातळीच्या वर घ्यावं लागतं. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून अर्ज केला की मिळतो.

याच दाखल्यात दुसरी गोष्टही कळते. मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरचा विषय गाजतोय, भूसंपादनाला रहिवासी-व्यापाऱ्यांचा विरोधही आहे. महाद्वार, चौफाळा, प्रदक्षिणा मार्ग या भागात कितीही स्वस्तात मिळालं तरी आराखड्यात त्या मिळकतीवर काय दाखवलंय ते लेखी हातात आल्याशिवाय विकत घेऊ नये. भाड्याने राहायला मात्र हरकत नाही.

जुन्या गावात आणखी दोन खोड्या आहेत. एक म्हणजे मालकी. वाडे चार-चार पिढ्यांचे, वारस पुण्या-मुंबईत, आणि प्रॉपर्टी कार्डावर नावांची रांग. एका भावाने विकला आणि दुसऱ्याच्या मुलीने दावा लावला, असं होऊ शकतं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या आणि कार्डावरच्या प्रत्येक नावाची सही किंवा हक्कसोड बघा. दुसरी खोडी मठ-धर्मशाळांची. जागा सार्वजनिक ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. देवस्थान इनाम जमीन असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही. सात-बाऱ्यावर भूधारणा पद्धतीच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचा, ‘सगळं क्लिअर आहे’ हे वाक्य नंतर ऐका.

मग घ्यायचं कुठे? नदी गावाच्या पूर्वेला आहे, म्हणून पश्चिमेला सरका. स्टेशन रोडच्या पलीकडे, लिंक रोड, इसबावी, लक्ष्मी टाकळीच्या बाजूची वस्ती. नदी तिथून सायकलवर दहा-पंधरा मिनिटं. तेवढं अंतर पुरे. नवीन प्लॉटिंगमध्ये पुराची भीती नाही, पण काळ्या मातीची आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा सुटतात. गिलाव्यावर केसासारख्या नुसत्या रेघा असतील तर काळजी नाही. पण भेग तिरकी असेल, नाणं शिरेल एवढी रुंद असेल आणि आत-बाहेर दोन्हीकडून दिसत असेल तर घर सोडून द्या. जुन्या गावातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराचा मोह बऱ्याच जणांना होतो, उन्हाळ्यात ती गार असतात हे खरंच. पण दर दोन-तीन वर्षांनी वर पांढरी माती चोपावी लागते आणि ते काम करणारी माणसं आता मोजकीच.

भाडं सोलापूरच्या जुळे सोलापूर किंवा होटगी रोडपेक्षा कमी पडतं, पश्चिमेच्या वस्तीत तर घासाघीस करायला वावही असतो. करार मात्र नोंदणी करूनच करा. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि जबाबदारी मालकाची. खर्च फार नाही. भाडं ८,००० आणि डिपॉझिट २५,००० धरलं तर अकरा महिन्यांचे ८८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के मानीव व्याज, आणि या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,००० आणि लक्ष्मी टाकळी, गोपाळपूर, वाखरीसारख्या ग्रामपंचायतीत ५००. एजंटची फी वेगळी.

करारात पंढरपूरपुरतं एक कलम जास्तीचं घाला: वारीत गच्ची, अंगण, बाहेरचा संडास आणि बोअरचं पाणी कुणाच्या ताब्यात राहील. वाड्यांत आणि स्टेशन रोडच्या पट्ट्यात मालक वर्षानुवर्षं ठरलेल्या दिंडीला जागा देत आलेले असतात. ती माणसं चांगली असतात, प्रश्न स्वभावाचा नाहीच. पण पन्नास माणसं एका संडासावर आणि तुमच्या आईला पहाटे चार वाजता अंघोळीला पाणी नाही, हे आधी ठरलेलं असलेलं बरं.

पाणी. सोलापुरात चार-पाच दिवसांआड नळ येतो त्याची सवय असलेल्या माणसाला इथे पिंप-हौदाचं वेगळं शिक्षण लागणार नाही. उजनी उणे पातळीत गेली की इथेही कपात होते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. (उणे म्हणजे कोरडं नव्हे, वापरायचा साठा संपून तळाच्या मृतसाठ्याला हात लागलेला. उजनीचा मृतसाठाच साठाहून जास्त टीएमसी आहे, वापरायचा साठा त्यापेक्षा कमी.) फरक बोअरच्या पाण्यात आहे. काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो खिशात ठेवूनच घरं बघा. पिण्यासाठी ५०० पर्यंत ठीक, त्यावर आरओ लागतो. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातली परीक्षा: त्याच पाण्यात तूरडाळ कुकरला लावायला सांगा. तीन शिट्ट्यांत डाळ गळली नाही आणि दाणा दाणा वेगळा राहिला तर पाणी जड आहे. अशा पाण्यावर गीझरची कॉइल वर्ष-दीड वर्षात चुन्याने लिंपली जाते, म्हणून अंघोळीच्या टाकीला नळाचंच पाणी जोडून घ्या आणि बोअर फक्त संडास-झाडांना ठेवा. त्यासाठी गच्चीवर दोन टाक्या आणि दोन वेगळ्या लाइन आहेत का, ते बघा. एकच टाकी असेल तर मालकाकडून दुसरी बसवून घ्या.

वारीबद्दल बाहेरच्या माणसाचा अंदाज नेहमी चुकतो. आषाढी हा एक दिवस नसतो. दशमीपासून पौर्णिमेपर्यंत गर्दीचा कळस आणि त्याच्या आधी आठ दिवस रस्ते बदललेले. गावात चारचाकी येत नाही, एसटी गाड्या गावाबाहेरच्या तात्पुरत्या स्थानकांवरून सुटतात, आणि नाक्यावर रहिवासी असल्याचा पुरावा विचारला जाऊ शकतो. तेव्हा आधारवरचा पत्ता पहिल्याच महिन्यात बदला. तयारी साधी: दुसरा सिलिंडर भरून, पंधरा दिवसांचं वाणसामान, बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या, थोडी रोकड, आणि गाडी गावाबाहेर नातेवाइकाकडे. वारी पांगल्यावरचे दोन आठवडे पाणी उकळूनच प्यायचं. पोटाचे आजार आणि माश्या तेव्हाच वाढतात. कार्तिकी त्याखालोखाल, माघी-चैत्री आणखी कमी. पण दर एकादशीला आणि जोडसुट्टीला मंदिराच्या आसपासचे रस्ते विसरायचे. कुणाला हे नकोसं वाटेल. ज्याला टाळ-मृदंगाचा आवाज कानाला गोड लागतो त्याने मात्र वरच्या गुणांत अर्धा वाढवून घ्यावा.

आता दीड गुण का, ते. रोज सोलापूर जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ३,७५० किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा देत असेल तर २५० लिटर पेट्रोल. लिटर शंभरच्या वर आहे, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढे. घरभाड्यात वाचलेले दोन-चार हजार याच्यासमोर कुठेच नाहीत, आणि रोजचे तीन तास वेगळे. एसटीच्या मासिक पासाने खर्च पुष्कळ उतरतो, वेळ उतरत नाही. आठवड्यातून एकदा जायचं असेल तर मात्र एसटी झकास. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ च्या पुढे फुकट. पेन्शनवाल्यांना चार गुण दिले त्यात याचा वाटा मोठा आहे.

रेल्वेवर मदार ठेवू नका. पंढरपूर मिरज–कुर्डुवाडी मार्गावर आहे, पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे. सोलापूरला रेल्वेने यायचं तर कुर्डुवाडीचा वळसा पडतो, कुर्डुवाडीच ५२ किलोमीटर. मुंबईसाठी तेच कुर्डुवाडी उपयोगी, २०२३ साली सुरू झालेली वंदे भारत तिथे थांबते.

दवाखान्याचं थोडक्यात: उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर भरपूर, पण मोठ्या शस्त्रक्रियेला आणि अवघड निदानाला सोलापूरच. घरात हृदयविकाराचा जुना रुग्ण असेल तर दीड तासाचं हे अंतर गृहीत धरून डॉक्टरांशी आधी बोला. मुलांना कॉलेजची अडचण नाही: कर्मवीर भाऊराव पाटील, उमा महाविद्यालय, इंजिनिअरिंगला गोपाळपूरचं स्वेरी. नोकऱ्यांचं तसं नाही. साखर कारखाने, बेदाण्याचा व्यापार, देवस्थानाभोवतीची दुकानदारी, शाळा-कॉलेजं, यापलीकडे फार नाही. आयटीवाल्याने ब्रॉडबँड स्वतः तपासून घ्यावं, आणि तेही एकादशीच्या दिवशी, कारण गर्दीत मोबाइल डेटा मान टाकतो.

खाण्याची चैन आहे. काठावरच्या गावांतली वांगी, मेथी, दोडका सकाळी ताजा येतो, द्राक्ष-डाळिंबाच्या हंगामात भाव ऐकून सोलापूरकराला वाईट वाटेल. दूध पंढरपुरी म्हशीचं. तलवारीसारखी लांब शिंगं असलेली ही जात याच मुलखाची. चहा एकदा त्या दुधाचा प्यायला की पिशवीचं दूध नको होतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र सोलापूरहूनच आणत राहाल, त्याला इलाज नाही.

कागदपत्रांत एक गंमत आहे. जिल्हा तोच, पण आरटीओचं काम अकलूजच्या एमएच ४५ कडे. एमएच १३ ची गाडी चालते, राज्य तर सोडाच, जिल्हाही बदलत नाही. फक्त पत्ता बदलायचा असेल तर अकलूजची फेरी किंवा पंढरपुरात लागणारं शिबिर. मतदार यादीतलं स्थलांतर फॉर्म ८ वर.

सामान हलवायला कार्तिकी पौर्णिमेनंतरचा पंधरवडा धरा. दोन खोल्या-किचनला एक ४०७ ट्रक पुरतो, पण जुन्या गावातल्या बोळात तो वळत नाही. तिथे सामान कोपऱ्यावर उतरवून छोट्या हत्तीने नाहीतर हातगाडीने न्यावं लागतं, हमाली दुप्पट. फ्रीज आणि लोखंडी कपाट दारातून जातं का हे आधी टेपने मोजा. वाड्यांचे दिंडी-दरवाजे बाहेरून ऐसपैस दिसतात, आतल्या खोलीच्या चौकटी मात्र अडीच फुटांच्या असतात.